महिन्याचा हिशेब एका आज्ञेत : संगणकावर ‘लिब्रेऑफिस कॅल्क’ आणि मॅक्रोची सोय कशी बसवावी?

मार्चअखेर जवळ आली की पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, देवस्थान समित्या, विद्यालये आणि छोट्या व्यापाऱ्यांची कार्यालये येथे एकच दृश्य असते. बँकेकडून आलेली विवरणपत्रे उघडायची, वरच्या अनावश्यक ओळी काढायच्या, तारखा नीट करायच्या, रकमांचे रकाने सारखे करायचे आणि बेरजा घालायच्या. दर महिन्याला तेच काम, त्याच क्रमाने. या कामाला महिन्याला चाळीस मिनिटे लागतात असे धरले, तरी वर्षाचे आठ तास, म्हणजे कामाचा एक पूर्ण दिवस, केवळ रकाने सरळ करण्यात जातो. वेळेपेक्षाही मोठा प्रश्न चुकीचा आहे. बाराव्यांदा तेच काम करणाऱ्या माणसाची नजर एखाद्या ओळीवरून घसरते आणि ती चूक थेट वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात उतरते.

अशी पुनरावृत्तीची कामे संगणकाकडून करून घेण्याच्या सोयीला ‘मॅक्रो’ म्हणतात. वापरकर्त्याने एकदा करून दाखविलेल्या कृतींची क्रमवार नोंद म्हणजे मॅक्रो. ती नोंद पुन्हा चालविली की संगणक त्याच कृती त्याच क्रमाने करतो. यासाठी महागडी प्रणाली विकत घेणे आवश्यक नाही. ‘लिब्रेऑफिस’ या विनामूल्य संचातील ‘कॅल्क’ या तक्ता-प्रणालीत ही सोय आहे. मात्र ती प्रारंभी बंद असते आणि सुरू करताना काही पथ्ये पाळावी लागतात.

या प्रणालीची पूर्वपीठिका

संगणकावरील हिशेबतक्त्याचा इतिहास १९७९ साली सुरू होतो. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेला ‘व्हिसिकॅल्क’ त्या वर्षी ‘ॲपल टू’ संगणकावर आला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सर्व गणिते आपोआप बदलतात, ही गोष्ट तेव्हा लेखापालांना नवलाची वाटली. पुढे १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल’ प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी उपलब्ध झाले.

लिब्रेऑफिसचे मूळ जर्मनीतील ‘स्टारऑफिस’ या संचात आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने तो १९९९ मध्ये विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. त्यातून ‘ओपनऑफिस’ निर्माण झाले. सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यानंतर, २८ सप्टेंबर २०१० रोजी, स्वयंसेवी विकसकांच्या मोठ्या गटाने ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा करून ‘लिब्रेऑफिस’ नावाने स्वतंत्र वाटचाल सुरू केली. आज हा संच विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालतो. त्याचे पडद्यावरील आदेश मराठीतही उपलब्ध आहेत.

बसविण्यापूर्वीची तयारी

पहिली खबरदारी प्रणाली कोठून घ्यावी याची. शोधयंत्रात नाव टाकले की वर जाहिराती येतात आणि त्यांतील काही दुवे मूळ संस्थेचे नसतात. म्हणून ‘लिब्रेऑफिस डॉट ओआरजी’ हा अधिकृत पत्ता स्वतः टाइप करून तेथील ‘डाउनलोड’ पानावरूनच फाइल उतरवून घ्यावी. कंपन्यांच्या ॲप-दुकानांत हाच संच शुल्क आकारूनही मिळतो. संस्थेच्या संकेतस्थळावर मात्र तो विनामूल्य आहे. त्या पानावर दोन आवृत्त्या दिसल्या, तर कार्यालयाने सर्वांत नव्या आवृत्तीऐवजी अधिक काळ तपासली गेलेली आवृत्ती निवडणे हिताचे.

फाइल काहीशे मेगाबाइटची असते. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट खंडित होण्याचे प्रसंग लक्षात घेता, ती पूर्ण उतरली आहे ना हे पाहूनच पुढे जावे. विंडोजवर त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या भागात ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’चे नाव आहे का ते पाहावे. नाव नसेल, तर ती फाइल चालवू नये.

दुसरी तयारी संगणकाची. डिस्कवर किमान दीड गिगाबाइट जागा मोकळी असावी. प्रणाली बसविण्याचा अधिकार, म्हणजेच ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा परवलीचा शब्द, हाताशी असावा. अनेक कार्यालयांत तो संगणक पुरविणाऱ्या तंत्रज्ञाकडेच असतो; त्यामुळे त्याला आधी सांगून ठेवावे. संगणकात एक्सेल असले तरी ते काढण्याची गरज नाही. दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर नांदू शकतात.

प्रत्यक्ष बसविण्याची कृती

विंडोजवर उतरविलेल्या फाइलवर दोनदा टिचकी मारली की मार्गदर्शक खिडकी उघडते. तेथे ‘टिपिकल’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय येतात. मराठी आदेश हवे असल्यास ‘कस्टम’ निवडून भाषांच्या यादीतून मराठी घ्यावी. एक्सेलच्या फाइली यापुढे लिब्रेऑफिसमध्येच उघडाव्यात का, असा प्रश्न आला आणि कार्यालयात एक्सेल वापरात असेल, तर ती खूण काढून टाकावी. अन्यथा दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. यानंतर विंडोज परवानगी विचारते. तेथेही प्रकाशकाचे नाव वाचूनच होकार द्यावा. काम पूर्ण झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करण्याची सूचना आल्यास ती पाळावी.

मॅकसाठी इंटेल आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी वेगवेगळ्या फाइली असतात. संगणकाची माहिती पाहून योग्य ती घ्यावी, उघडावी आणि आतील चिन्ह ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्ये ओढून सोडावे. मॅकवर मराठी आदेशांसाठी भाषेचा स्वतंत्र संच घ्यावा लागतो. लिनक्स वापरणाऱ्यांपैकी अनेकांकडे हा संच प्रणालीसोबतच आलेला असतो. नसल्यास त्या प्रणालीच्या सॉफ्टवेअर भांडारातून तो बसविता येतो.

नोंदणीची सोय सुरू करणे

संच बसला तरी मॅक्रो नोंदविण्याचा आदेश लगेच दिसत नाही. ‘टूल्स’ सूचीतील ‘ऑप्शन्स’ उघडावे, त्यात ‘लिब्रेऑफिस’ या गटाखालील ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जावे आणि ‘एनेबल मॅक्रो रेकॉर्डिंग’समोर खूण करावी. मॅकवर हीच खिडकी ‘प्रेफरन्सेस’ या नावाने असते. त्यानंतर कॅल्कमध्ये ‘टूल्स’, ‘मॅक्रोज’ या क्रमाने गेल्यास ‘रेकॉर्ड मॅक्रो’ हा आदेश दिसू लागतो. त्या खुणेच्या पर्यायासमोर ‘ही सोय मर्यादित असू शकते’ अशा अर्थाची टीप आहे. ती टीप दुर्लक्षिण्यासारखी नाही. तिचा अर्थ पुढे स्पष्ट होईल.

पहिला मॅक्रो : बँकेचे विवरणपत्र

समजा, साठ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेला बँकेकडून दरमहा स्वल्पविरामांनी विभागलेली, म्हणजे ‘सीएसव्ही’ प्रकारची फाइल मिळते. तीत तारीख, तपशील, धनादेश क्रमांक, नावे रक्कम, जमा रक्कम आणि शिल्लक असे सहा रकाने आहेत.

फाइल उघडण्याची पायरी हातानेच करावी, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. कॅल्क फाइल उघडताना एक चौकट दाखवते. तीत भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडावी, म्हणजे लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम दिलेल्या रकमा संख्या म्हणून ओळखल्या जाण्याची शक्यता वाढते. तारखेच्या रकान्यावर टिचकी मारून दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगावा. अन्यथा ५ एप्रिलची नोंद ४ मे म्हणून बसू शकते. धनादेश किंवा खाते क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवावा, नाही तर क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळून पडतात. अवतरणचिन्हांतील मजकूर अक्षररूप मानण्याचा पर्याय निवडलेला नाही, हेही पाहावे. फाइल उघडल्यावर रकमा कक्षाच्या उजव्या कडेला चिकटलेल्या असतील तर त्या संख्या आहेत. डाव्या कडेला असतील तर संगणक त्यांना अक्षरे समजत आहे, आणि अशा कक्षांची बेरीज कोणतीही सूचना न देता शून्य येते.

बँकेची मूळ फाइल कधीही बदलू नये. ती स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवून तक्ता ‘ओडीएस’ प्रकारात नव्या नावाने साठवावा आणि मथळ्याची ओळ पहिली येईल अशा प्रकारे वरच्या अनावश्यक ओळी काढाव्यात. मग ‘रेकॉर्ड मॅक्रो’ सुरू करावे आणि पुढील कृती सावकाश कराव्यात. डाव्या वरच्या कोपऱ्यातील नाव-चौकटीत पहिल्या ओळीतील सहा कक्षांचा पत्ता टाइप करून ती ओळ निवडावी आणि ठळक करावी. त्याच पद्धतीने ‘डी२’ ते ‘एफ२०००’ हा भाग निवडून साधनपट्टीवरील दोन दशांश स्थळांचे संख्या-स्वरूप लावावे. शेवटी ‘एच१’ या कक्षात नावे रकमांची आणि ‘एच२’मध्ये जमा रकमांची बेरीज करणारी सूत्रे लिहावीत. ‘स्टॉप रेकॉर्डिंग’ दाबले की नाव विचारले जाते. ते अर्थपूर्ण असावे आणि मॅक्रो ‘माय मॅक्रोज’खालील ‘स्टँडर्ड’ संग्रहात साठवावा. पुढच्या महिन्यात नवी फाइल उघडून ‘रन मॅक्रो’ने तोच चालविला की ही सर्व सजावट आणि बेरजा काही क्षणांत होतात. रोज लागणाऱ्या मॅक्रोला ‘टूल्स’मधील ‘कस्टमाइज’ भागात कळफलकावरील एखादा संयोगही देता येतो.

नोंदणीला काय जमत नाही

मॅक्रो-नोंदणी माणसाचा हेतू ओळखत नाही; ती फक्त त्याने केलेली हालचाल लिहून ठेवते. एखादा कक्ष निवडला, तर ‘शेवटची ओळ’ असे न लिहिता ‘ओळ ४७’ असेच नोंदले जाते. पुढच्या महिन्यात नोंदी ६३ झाल्या, तरी मॅक्रो ४७व्या ओळीवरच जाईल. म्हणूनच वरील उदाहरणात बेरजा तळाशी न घालता बाजूला वर घातल्या आणि पुरेशा मोठ्या भागाचा पत्ता दिला. काही संवाद-चौकटींतील निवडी तर नोंदल्याच जात नाहीत. त्यामुळे नवा मॅक्रो आधी फाइलीच्या प्रतीवर चालवून प्रत्येक पायरी उमटली का ते पाहणे आवश्यक ठरते. नोंदींच्या संख्येनुसार निर्णय घेणारे काम हवे असल्यास ‘बेसिक’ किंवा ‘पायथन’ या भाषांतील आदेश लिहावे लागतात. या दोन्ही भाषांची सोय या संचात आहे. आरंभी मात्र नोंदणीतून तयार झालेले आदेश उघडून वाचणे हाच शिकण्याचा सोपा मार्ग होय.

दाराची किल्ली कोणाच्या हाती?

मॅक्रो म्हणजे संगणकाला दिलेले आदेश; मग ते आदेश वाईट हेतूनेही लिहिता येतात. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू वर्ड फाइलीतील मॅक्रोच्या रूपाने ईमेलमधून जगभर पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप रोखण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये अमलात आणले, यावरून हा धोका किती दीर्घजीवी आहे हे कळते.

लिब्रेऑफिसमध्ये मॅक्रो-सुरक्षेच्या चार पातळ्या आहेत आणि मूळ पातळी ‘हाय’, म्हणजे उच्च असते. या पातळीवर अनोळखी फाइलीतील स्वाक्षरीरहित मॅक्रो चालत नाही. अनेकदा तंत्रज्ञ किंवा उत्साही सहकारी ‘चालत नाही ना, मग पातळी खाली आणा’ असा सल्ला देतो. तो स्वीकारू नये. ‘माय मॅक्रोज’मध्ये साठविलेले स्वतःचे मॅक्रो उच्च पातळीवरही चालतात, त्यांच्यासाठी संरक्षण उतरविण्याचे कारणच नाही. मॅक्रो असलेली फाइल अनेकांनी वापरायची असेल, तर सुरक्षा भागातील ‘ट्रस्टेड सोर्सेस’मध्ये केवळ एक ठरावीक फोल्डर विश्वासार्ह म्हणून नोंदवावे. ‘डाउनलोड्स’ हे फोल्डर तेथे कधीही देऊ नये, कारण बाहेरून येणारी प्रत्येक फाइल प्रथम तेथेच उतरते.

याच कारणासाठी सभासदांच्या याद्या आणि खाते क्रमांक कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर ‘रूपांतरासाठी’ चढविण्यापेक्षा स्वतःच्या संगणकावरील प्रणाली बरी. तिच्यात हिशेब यंत्राबाहेर जात नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे, याचे भान छोट्या संस्थांनीही ठेवावे.

मराठी नोंदींची अडचण

मराठी कार्यालयांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. युनिकोडपूर्व काळातील टंकांत टाइप केलेल्या जुन्या याद्या पडद्यावर देवनागरी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने त्या रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची रांग असते. अशा याद्यांत युनिकोड मराठीने शोध घेतला तर काहीच सापडत नाही. म्हणून स्वयंचलनाआधी त्या युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत.

युनिकोडमध्येही लेखनातील भेद उरतोच. ‘मडगाव’ आणि ‘मडगांव’ वाचकाला एकच गाव वाटते. संगणकाला ती दोन गावे आहेत. गावनिहाय वर्गणीची बेरीज करताना अर्धी रक्कम एका नावाखाली आणि अर्धी दुसऱ्या नावाखाली जाते. यावर उपाय म्हणजे गावांची एक प्रमाण यादी करून ‘डेटा’ सूचीतील ‘व्हॅलिडिटी’ सोयीने नोंद त्या यादीतूनच निवडायला लावणे.

वेगाने झालेली चूकही चूकच

स्वयंचलनाने काम वेगाने होते, पण त्यामुळे ते आपोआप बरोबर होत नाही. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळात कोरोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या होत्या. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती एकत्र करताना जुन्या एक्सेल प्रकारातील फाइली वापरल्या गेल्या आणि त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या नोंदी निमूटपणे बाहेर राहिल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. यंत्रणेने सांगितलेले काम केले होते. सर्व नोंदी आल्या का, हे विचारणारी पायरी नव्हती.

गृहनिर्माण संस्थेच्या उदाहरणात दिलेली ‘एफ२०००’ ही मर्यादा त्याच जातीची आहे. नोंदी दोन हजारांपलीकडे गेल्या तर बेरीज चुकेल आणि पडद्यावर लाल खूणही उमटणार नाही. म्हणून प्रत्येक मॅक्रोसोबत पडताळणीचे एक सूत्र असावे : आरंभीची शिल्लक अधिक जमा, वजा नावे, बरोबर अखेरची शिल्लक. हे उत्तर बँकेने दिलेल्या शिलकेशी पैशापर्यंत जुळल्याखेरीज तो तक्ता पुढे पाठवू नये. नोंदींची संख्याही मूळ फाइलीशी ताडून पाहावी. पहिले तीन महिने जुन्या पद्धतीने आणि मॅक्रोने असे दोन्ही हिशेब समांतर करावेत. तिन्ही वेळा ते जुळले तरच जुनी पद्धत सोडावी.

मॅक्रो व्यक्तीचा नव्हे, संस्थेचा

शेवटची गोष्ट तांत्रिक कमी आणि व्यवस्थेची अधिक आहे. ‘माय मॅक्रोज’ हे त्या संगणकावरील त्या वापरकर्त्याच्या खात्यात साठते. कारकून निवृत्त झाला, त्याची बदली झाली किंवा संगणक नव्याने तयार केला, की वर्षभर जमवलेले मॅक्रो त्यासोबत जातात. मागे उरतात ते ‘पूर्वी हे बटण दाबले की व्हायचे’ असे सांगणारे सहकारी.

हे टाळण्यासाठी प्रत्येक मॅक्रोची संहिता साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून संस्थेच्या इतर कागदपत्रांसोबत पेनड्राइव्हवर जपावी. सोबत एक पानभर टिपण मराठीत लिहावे : मॅक्रो कोणत्या फाइलीवर चालतो, रकाने कोणत्या क्रमाने हवेत, किती ओळींपर्यंत चालतो आणि पडताळणी कशी करायची. सचिव आणि खजिनदार या दोघांनी ते टिपण वाचून, मूळ माणूस समोर नसताना, एकदा तरी मॅक्रो चालवून पाहावा. लेखापरीक्षकाने ‘हा आकडा कसा आला?’ असे विचारले, तर उत्तर संगणकाकडे बोट दाखवून देता येत नाही. ते त्या टिपणातून आणि मूळ विवरणपत्रातूनच द्यावे लागते. रकाने सरळ करण्याचे काम यंत्राकडे सोपविता येईल, पण आकड्यांखालची सही माणसाचीच असते. वाचलेला वेळ त्या सहीपूर्वी हिशेब नीट वाचण्यासाठी वापरला, तर ही सगळी खटपट सार्थकी लागेल.